थोडी बहिरी गाडी

“बघितलं का साहेबराव, गाडी केसभर बी इकडंतिकडं झाली नाय!” नानासाहेबांनी रिमोट टेबलावर ठेवला आणि उजवा हात पुढे करून दाखवला. “गोळ्या लागू पडल्या बघ. कामाला लागला की हात गप ऱ्हातो आता.”

“हात गप, पण तोंड सुरू झालं की तुझं,” साहेबराव म्हणाले. दोघांनी पाटबंधारे खात्यात उभा जन्म जीप चालवण्यात घालवलेला, त्यामुळे एकमेकांना चिमटे काढायचा हक्क होता. “पण खरं सांगू का नाना, त्या पोरासोरांत तुझीच गाडी शहाण्यावानी चालती.”

नानासाहेब हसले. मोकळं, मान मागे टाकून.

त्यांच्या पत्नी आशाबाई शेजारीच होत्या. ती रिमोटवर पळणारी हातभर लांबीची गाडी मांडीवर उलटी घेऊन त्या टायरांना औषध चोळत बसल्या होत्या. ते लावलं की रबर कार्पेटला धरून राहतं. जुन्या टूथब्रशने त्या एकेक टायर असा हळुवार घासत होत्या, की बघणाऱ्याला वाटावं, बाई नातवाच्या तळपायाला तेल लावते आहे.

बीड बायपासवरचं ते मंगल कार्यालय आषाढात लग्नं थांबली की रिकामं पडायचं. मग रिमोटच्या गाड्या पळवणारी मंडळी तिथं करडं कार्पेट अंथरायची, पट्ट्या लावून वळणं आखायची, आणि नवरा-नवरी जिथं बसतात त्या स्टेजवर रिमोट घेऊन ओळीनं उभी राहायची. बहुतेक वाळूजच्या कंपन्यांतली तरुण पोरं. त्यांच्यात पांढऱ्या टोपीचे नानासाहेब एकटेच. लेकीनं, प्रेरणानं, पुण्याहून ही गाडी पाठवली त्याला आता वर्ष होत आलं होतं. “आई, बाबांच्या हातात काहीतरी राहू दे,” एवढंच ती फोनवर म्हणाली होती.

कारण हातातलं गेलं होतं. शहागंजात भाजीच्या हातगाडीला स्कूटर घासली, टमाटे रस्ताभर झाले. कुणाला लागलं नाही, पण त्या दिवशी नानासाहेबांनी घरी येऊन किल्ली देवघराच्या फळीवर ठेवली आणि स्कूटरवर ताडपत्री घातली. डॉक्टरांनी हात थरथरण्याच्या आजाराचं नाव सांगितलं ते नंतर. वेरूळचा घाट धुक्यात उतरवणारा, मागे बसलेल्या साहेबांची झोप मोडू न देता खड्डे चुकवणारा माणूस चहाचा कप दोन्ही हातांनी धरू लागला. सांडला की म्हणायचा, “कप लई गरम हाय.” चाळीस वर्षांच्या संसारात आशाबाईंना त्यांचं एवढं गप्प राहणं कधी ठाऊक नव्हतं.

गाडी आली आणि माणूस बोलायला लागला. पण बारीक स्क्रू त्यांच्या बोटांत टिकेनात, म्हणून ते काम आपसूक आशाबाईंकडे आलं. त्यांनी जन्मभर ब्लाउज शिवले होते. मशीनचा ताण किती आवळला की टाका खेचतो आणि किती सोडला की लोंबतो, हे ज्या बोटांना कळतं त्यांना गाडीची स्प्रिंगही कळली. पुढची स्प्रिंग कडक असली की गाडी वळायला कुरकुरते, धक्के झेलणाऱ्या शॉकमधलं तेल दाट घातलं की ती आळसावते. दुपारनंतर कार्पेटवर रबर बसत जातं, पकड वाढते, मग सकाळी शहाण्यासारखी पळणारी गाडी संध्याकाळी वळणावर कोलांटी खाते. हे सगळं त्या बघून बघून शिकल्या. “काकू, कंपनीत या आमच्या,” पोरं थट्टा करायची.

आणि तरीही नानासाहेबांची गाडी सरळ जाईना. हात थरथरला की रिमोटवरचं चाक थरथरे, चाक थरथरलं की गाडी. सरळ पट्टीवरसुद्धा ती चिमणीसारखी इकडून तिकडे उडे आणि कडेच्या फळीवर आपटे. पोरं काही बोलत नसत. ते न बोलणंच नानासाहेबांना लागायचं. एका रविवारी ते गाडी पिशवीत घालून म्हणाले, “बास. देऊन टाकू कुनाला तरी.”

तेव्हा आशाबाईंनी सुदर्शनला गाठलं. क्लब चालवणारा तो मुलगा भला होता.

“सुदर्शन, गाडीला जरा बहिरं करता येतं का रे?”

“म्हंजे काय काकू?”

“बारीकसारीक हाललं तर तिनं ऐकू नये. मोठं वळवलं तरच वळावं.”

सुदर्शननं त्यांच्याकडे पाहिलं, मग रिमोटच्या छोट्या पडद्यावर दोन आकडे कसे बदलायचे ते दाखवलं. “काकांना सांगू का?”

“नको,” आशाबाई म्हणाल्या.

घरी त्यांनी शॉकमधलं तेलही दाट केलं, पुढची स्प्रिंगही कडक केली. पुढच्या रविवारी गाडी सुतासारखी सरळ गेली. पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि खरं सांगायचं तर आशाबाईंनीही वाजवल्या. त्या रात्री नानासाहेब दोन भाकरी जास्त जेवले. दुसऱ्या दिवसापासून ते गोळ्यांचे गुण गाऊ लागले. गल्लीत, दवाखान्यात, फोनवर लेकीला. आशाबाईंना वाटलं होतं, खेळातली गोष्ट खेळातच राहील.

ती राहिली नाही. साहेबरावांपुढे हात मिरवून झाला त्याच संध्याकाळी त्या पीठ मळत असताना अंगणात ताडपत्री ओढल्याचा आवाज आला. बाहेर येऊन बघतात तर नानासाहेब स्कूटर पुसत होते. किल्ली त्यांच्या शर्टाच्या खिशात होती.

“चंपाकडं पित्रं जेवायला जायचं ना पुढल्या सोमवारी, पाचोडला? स्कूटरवर जाऊ. तू बस मागं.”

“बसनं जाऊ की. रस्त्याला ट्रक किती असत्यात.”

“हात बरा झाल्यावर बसनं?” ते फडकं झटकत म्हणाले. “दोन वर्सं बहिनीच्या दारात मी पिशवी घेऊन चालत जातोय, आशा. तिच्या दिरांना बघू दे एकदा.”

त्यांचा चेहरा असा उजळला होता की आशाबाई मागं फिरल्या. त्या आत गेल्या. पीठ मळून झालं होतं तरी मळत राहिल्या. आपण माणसाला हात परत दिला नाही, हाताचं सोंग दिलं. आता तो त्या सोंगावर बसून रस्त्यावर निघालाय. आपण सांगितलं तर तो हसू आवरून पुन्हा कपाकडे बघत बसणार. नाही सांगितलं तर पाचोडच्या रस्त्यावर एखादा ट्रक. आठवडाभर त्यांनी रोज सकाळी ठरवलं की आज सांगायचं, आणि रोज ते स्कूटरला फडकं मारताना शीळ घालायचे.

शनिवारी दुपारी ते डुलकी घेत होते, तेव्हा आशाबाईंनी गाडी उघडली. दाट तेल काढलं, पहिलं पातळ तेल भरलं, स्प्रिंग बदलली. हात शिवणाच्या सवयीने चालत होते, पण एक स्क्रू दोनदा खाली पडला.

रविवारी शर्यत होती. नानासाहेब साहेबरावांबरोबर चहाला गेले तसा आशाबाईंनी रिमोट घेतला. सुदर्शन जवळ आला.

“काकू, आज फायनल हाय. कार्पेट लई धरतंय आता. गाडी उलटंल.”

“उलटू दे,” त्या म्हणाल्या. “इथंच उलटू दे.”

पडद्यावरचे आकडे पुन्हा पहिल्या जागेवर गेले.

गाड्या सुटल्या. पहिल्याच सरळ पट्टीवर नानासाहेबांची गाडी थरथरली, डावीकडे, उजवीकडे, मग वळणावर कार्पेटनं तिला असं धरलं की ती उलटी होऊन चाकं वर करून पडली. कुणीतरी पळत जाऊन सरळ केली. पुन्हा फळीवर आदळली. साहेबराव ओरडले, “नाना, काय झालं रे?”

 नानासाहेबांनी रिमोटवरच्या आपल्या हाताकडे पाहिलं. मग मान वळवून स्टेजखाली उभ्या असलेल्या आशाबाईंकडे पाहिलं. आशाबाईंनी नजर चुकवली नाही. तेवढं तरी त्यांना करायचंच होतं.

सगळ्यांना वाटलं, आता ते गाडी उचलणार. पण नानासाहेबांनी वेग अगदी कमी केला, घाटात समोरून बस आली की जीप कडेला घेतात तशी गाडी कडेला घेतली, आणि मागून येणाऱ्या प्रत्येकाला वाट देत ते चालवत राहिले. गाडी थरथरत होती, ते चालवत होते. सगळे थांबल्यावरही एकटी त्यांचीच गाडी कार्पेटवर फिरत होती. शेवटची रेघ ओलांडली तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही, आणि ते बरंच झालं.

रिक्षातून येताना त्यांनी बाहेर बघतच विचारलं,

“कवापासून?”

“आखाड संपता संपता.”

“चाकात ढिलाई हाय ती मला त्याच दिवशी कळली होती,” ते म्हणाले. “जन्मभर स्टिअरिंग धरलंय. म्हनलं, कार्पेट तसं असंल. मानसाला पटवून घ्यायचं असलं की पटतंय.” मग आवाज न चढवता: “पन तू नको होतं करायला, आशा. दुसऱ्या कुनी केलं असतं तर चाललं असतं.”

आशाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. क्षमा मागायचे शब्द त्यांच्याजवळ होते, पण ते मागून स्वतःलाच हलकं करून घेतल्यासारखं झालं असतं.

घरी आल्यावर त्यांना अंगणात स्कूटरवर ताडपत्री घातल्याचा आवाज ऐकू आला. किल्ली देवघराच्या फळीवर परत आली नाही. ती कुठे गेली ते त्यांनी विचारलं नाही.

सोमवारी दोघं पाचोडच्या बसमध्ये बसली. नानासाहेबांनी खिडकी आशाबाईंना दिली आणि उजवा हात समोरच्या सीटच्या दांडीवर ठेवला. हात थरथरत होता. पलीकडच्या सीटवरचं एक लेकरू त्याकडे टक लावून बघत होतं. आशाबाईंनी सवयीनं आपला तळवा तो हात झाकायला उचलला.

तेवढ्यात पुढे वळण आलं. ड्रायव्हरनं स्टिअरिंग फिरवायच्या जरा आधीच नानासाहेबांची मूठ दांडीवर अलगद डावीकडे वळली, आणि मग बस वळली. पुढच्या वळणालाही तसंच झालं.

आशाबाईंनी उचललेला हात मांडीवर परत घेतला आणि खिडकीबाहेर बघत बसल्या.