चढच शिकलेले पाय

सकाळी साडेपाचला, कचेऱ्या उघडायच्या आधी, ती बावीस मजली इमारतीच्या मागच्या जिन्याशी उभी राहायची. पाठीवर तिनं स्वतः शिवलेली पिशवी. दिवसभर दुकानात लोकांच्या पॅंटा आखूड करायच्या आणि उरल्या तुकड्यांतून हे असलं काही शिवायचं. पिशवीत पाणी, शिट्टी, पातळ रेनकोट, आणि वजन भरायला एक जुनी इस्त्री.

इस्त्री पाठीत रुतायची. रुतू दे, म्हणायची ती.

जिना चढताना मजले मोजायची तिची रीत वेगळी होती. आकडे ध्यानात टिकत नसत, म्हणून ती ते गाण्यात बांधायची.

पहिला गं मजला, माझ्या पायाला नाही भार
लेकीच्या डोंगराला, बाई, दगडाचं दार

विसावा गं मजला, दम छातीत माईना
लेक गेली ज्या वाटेनं, वाट मला ती येईना

बाविसाव्यावर नवरा लिफ्टचं दार उघडून उभाच असायचा. तो याच इमारतीत मालाच्या लिफ्टवर होता. सगळे त्याला 'वरखाली' म्हणत. "काय वरखाली, आज वर की खाली?" कुणी विचारलं की तो म्हणायचा, "साहेब, संध्याकाळपर्यंत दोन्ही सारखंच." गेल्या तीन वर्षांत मात्र हा विनोद त्याच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता.

लिफ्टमध्ये एक स्टूल होतं. स्टुलावर घडी घातलेला टॉवेल.

"बस. गुडघे वाचव," तो म्हणायचा. "गुडघे काय बाजारात मिळतात?"

ती बसायची. चाळीस सेकंदांत खाली. पुन्हा पहिला गं मजला. अशा सात खेपा.

तीन वर्षांपूर्वी त्यांची लेक परदेशातल्या एका डोंगरी शर्यतीत धावायला गेली होती. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण एका जागी ती कधी ठरलीच नाही. शर्यतीच्या वाटेवर एक खिंड होती, दोन देशांच्या सीमेवरची. वर्षभर तिथं शिपायांचा पहारा, माणूस फिरकू देत नसत. शर्यतीच्या एका दिवसापुरती ती उघडायची आणि तीही फक्त धावणाऱ्यांना. भिंगरी खिंडीपर्यंत पोचली होती. खिंडीपलीकडच्या उतारावर तिचा पाय निसटला. ती सापडली नाही. मागून आलेल्यांनी कडेला दगडांची छोटी रास रचली, एवढंच पत्रात आलं होतं.

त्या राशीपाशी आईला एकदा जाऊन बसायचं होतं. जायचा रस्ता एकच: शर्यतीत नाव लागलं पाहिजे. आणि नाव लागायला दाखला हवा. शहराबाहेरचा डोंगर आठ तासांत तीनदा चढून उतरून दाखवायचा. संधी दोन.

दाखला देणारे मास्तर शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. पहिल्या दिवशी तिला चढताना बघून त्यांनी टोपी मागं सारली.

"बाई, तुम्ही चढताय की वरून कुणी दोरी ओढतंय?"

तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान पोरं मागं पडली होती. पण ती उताराला लागली आणि तिच्या मांड्या नुकत्या जन्मलेल्या वासरासारख्या थरथरू लागल्या. पाऊल टाकलं की गुडघा भलतीकडंच वळे. शेवटचा उतार तर ती बसून घसरत आली. एक तास दहा मिनिटं उशीर. अंगठ्याचं नख काळं पडलेलं.

मास्तर तिच्यासमोर उकिडवे बसले. "चढायला कुठं शिकलात?"

"जिन्यावर. बावीस मजले."

"आणि उतरता कशा?"

"लिफ्टनं," ती जरा अभिमानानंच म्हणाली. "आमचे हे लिफ्टवरच आहेत ना."

मास्तर हसले नाहीत. "बाई, चढ छातीचा असतो, उतार मांड्यांचा. तुमच्या मांड्यांना उतार ठाऊकच नाही. चढताना माणूस दमतो. जातो तो उतरताना." मग ही कुणाची आई, हे त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी टोपी उगाचच झटकली आणि ते दुसरीकडं बघू लागले.

घरी नवऱ्यानं परातीत गरम पाणी ओतून मीठ टाकलं आणि तिचे पाय त्यात ठेवले. नख कापायला कात्री घेतली.

"आपलं सगळं उलटं झालं म्हणे," ती दुखण्यातही हसत म्हणाली. "जिना चढायचा नि उतरायचासुद्धा. मांड्यांना उतार ठाऊक नसला की त्या ऐन वेळी दगा देतात, असं मास्तर म्हणाले."

कात्री थांबली.

"असं म्हणाले?"

"हो. का?"

त्यानं कात्री खाली ठेवली. "भिंगरीही हाच जिना चढायची. खाली मीच आणायचो. रोज आठ खेपा. ते स्टूल तिच्यासाठीच ठेवलं होतं. 'बाबा, मी उतरते ना चालत,' म्हणायची. मी म्हणायचो, बस गं राणी, गुडघे वाचव."

तसं काही नसतं हो, एवढे चार शब्द तिला बोलायचे होते. पण तिनं पाय परातीतून काढले आणि ते स्वतःच पुसू लागली.

दुसऱ्या दिवसापासून तो बाविसाव्यावर आला नाही. ती चढायची आणि कठडा न धरता उतरायची. पहिल्या आठवड्यात गुडघे सुजले. दुसऱ्या आठवड्यात शिवणयंत्राच्या पायडलवर पाय ठेवला की डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टर म्हणाले, थांबा. ती म्हणाली, बरं, आणि थांबली नाही. नवरा खाली लिफ्टच्या दाराशी तिच्याकडं पाठ करून उभा असायचा. ताटातलं अर्धं टाकायचा. "जेवा की हो," म्हटलं तर म्हणायचा, "जेवलो की."

दुसऱ्या संधीला ती सहा मिनिटं राखून खाली आली.

मास्तरांनी तिथंच दाखल्यावर सही ठोकली. "नातलगाची संमतीची सही तेवढी घ्या. आजचा शेवटचा दिवस, पाचच्या आत पोस्टात पडलं पाहिजे. आणि खाडाखोड नको, सरळ परत पाठवतात."

चिखलाच्या बुटांनीच ती इमारतीत शिरली. सव्वाचार झाले होते. नवरा लिफ्टमध्ये फायलींचे खोके लावत होता.

"झाले पास."

त्यानं तिच्या बुटांकडं पाहिलं. "बरं झालं."

"सही करा."

त्यानं हात पॅंटला पुसले, पण कागद घेतला नाही. "नको."

"नको म्हणजे?"

"एकदा केली सही. आपली एक आहे तिकडं. दुसरी कशाला?"

"अहो, मला फक्त बसायचंय तिच्यापाशी. घटकाभर. मग उतरेन मी."

"तीही हेच म्हणाली होती, येते उतरून."

वरून घंटा वाजली. नवव्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "अहो वरखाली, लिफ्ट झोपली की तुम्ही?"

तिनं कागद आणखी पुढं केला.

"मी तुम्हाला आजवर एका शब्दानं बोलले नाही," ती म्हणाली. "सही केली नाहीत तर बोलेन. रोज बोलेन. मरेपर्यंत बोलेन."

यंत्राची सुई बोटात शिरते तेव्हा आधी काहीच दुखत नाही. तसं झालं. त्याचा चेहरा बघितला तेव्हा ते शब्द तिला दुखू लागले. पण घड्याळात चार पंचवीस झाले होते, आणि त्यानं कागद घेतला होता. खोक्यावर ठेवून, जीभ दातांत धरून, तो एकेक रकाना भरत होता.

तिनं कागद ओढून वाचला. नाव बरोबर. पत्ता बरोबर. सही. आणि 'नाते' या शब्दापुढं, नीट वळणदार अक्षरांत: वडील.

तिला थांबलेली बघून त्यानंही वाचलं.

"अगं... हात गेला माझा." तो पेन घेऊन पुढं झुकला. "दे, दुरुस्त करतो."

तिनं त्याचं मनगट धरलं. "खोडू नका."

"चूक आहे ती."

"माहितीये."

नवव्या मजल्याची घंटा पुन्हा वाजली, आता लांबलचक. कागद तिकडं घेतील की परत पाठवतील, कोण जाणे. साडेचार झाले. तिनं हात सोडला, कागदाची घडी केली आणि पोस्टाच्या दिशेनं, सुजल्या गुडघ्यांनी, ती पळत सुटली.