साक्षीदाराची जागा

वेदिकाने दोरीचं एक टोक विहिरीच्या रहाटाला बांधलं आणि दुसरं फणसाच्या बुंध्याशी उभ्या भागोजीच्या डोळ्यांपाशी धरलं.

"हलू नका, आजोबा. नजर विहिरीपर्यंत पोचते का बघतेय."

दोरी मधल्या गडग्यावर टेकून वाकली होती. चिरे रचून केलेली कुंपणाची भिंत ती, चांगली पुरुषभर उंच.

महिपत कार्तिकात त्या विहिरीत मेला, त्याला नऊ वर्षं झाली. दीपकने ढकललं हे पाहणारा एकटा भागोजी. कोर्टात त्याने फक्त दीपकची पाठ पाहिल्याचं सांगितलं होतं; त्याच साक्षीवर दीपक तुरुंगात गेला. पुढे टपरीवरच्या चहाबरोबर सदऱ्याचा रंग आला, आणि मोबाइलवरच्या गुन्हेकथेत मुलाखत झाल्यावर तर दीपकच्या बोटातली अंगठीही चमकू लागली. ती कथा ऐकून वेदिका रत्नागिरीहून आली होती, बारा चित्रांत खून मांडायला. अकरा पडवीत टेकवलेली होती. अकराव्यात अंगठीवाला हात. बाराव्यात साक्षीदार यायचा होता.

दीपकची आई जनी सकाळपासून त्या अकरांसमोर बसून होती.

"इथून विहीर दिसत नाही," वेदिका म्हणाली.

"तेव्हा गडगा बुटका होता."

"पंचनाम्याच्या फोटोत एवढाच आहे."

"मग वर असेन गो. फणस काढत."

"कार्तिकात?"

भागोजी हसायला गेला, पण हसू दाढेखालीच राहिलं. वेदिकाने त्याला गोठ्याशी उभं करून पाहिलं, पडवीच्या पायरीवर उभं करून पाहिलं. दोरी वाकतच राहिली. अखेर दोरीचं टोक घेऊन वेदिका गडग्यातलं बेडं, ते बांबूचं फाटक, उघडून पलीकडे गेली आणि रहाटापासून हातभरावर थांबली. तिथे दोरी सरळ झाली.

"दिसतं ते एवढ्या जागेवरूनच. तुम्हाला इथे काढू?"

भागोजीने आपल्या हातांकडे पाहिलं. तिथून हात पुढे केला असता तर महिपतला लागला असता. वाचवायला, नाहीतर लोटायला. जन्मभर एका गोष्टीला दहा फाटे फोडणाऱ्या त्याला आज अकरावा सुचेना.

"मी पन नऊ वर्सं ताच इचारतंय," पडवीतून जनी म्हणाली. "कुठं होतास, भागोजी?"

फणसाचं एक पान पडलं. ते त्याने उचललं, उगाच दुमडलं.

"चित्रात गडगा काढ," तो वेदिकाला म्हणाला. "आहे तेवढाच उंच. आणि मला ह्या बाजूला, फणसाखाली."

जनी गुडघ्यावर हात टेकून उठली. अकराव्या चित्रापाशी जाऊन वाकली.

"मंग आदी ही अंगटी पूस गो," ती म्हणाली. "माज्या दीपककडं अंगटी कदी नव्हतीच."