नव्या सीडीत पाणी नाही

"थांबव ते. थांबव म्हणते ना!"

मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. नव्या सीडीवरचं प्लास्टिक अजून त्याच्या हातात होतं आणि स्पीकरमधून गाणं धो धो वाहत होतं. यांच्या खुर्चीकडे त्याची पाठ होती, म्हणून त्याला दिसलं नाही. मला दिसलं. यांनी मान जराशी वर केली होती, डोळे मिटले होते, डावा हात गुडघ्यावर ठेका धरून होता. रोज दुपारी गाण्यात त्या जागी व्हायचं तसंच सगळं. ड्रमचा ठोका पडला, यांचे ओठ ‘पा’साठी मिटले, उघडले, आणि ओळ आलीच नाही. त्या गाणाऱ्या माणसाने भलतंच काहीतरी गायलं आणि गाणं पुढे निघून गेलं. हे तसेच तोंड उघडं ठेवून बसले होते.

"अगं, खरी मजा तर पुढेच आहे," मुलगा म्हणाला. "ऐकलंस, गिटार कशी सुटी सुटी ऐकू येते? आधी सगळं नुसतं गाळात होतं."

"गाळात होतं तेच बरं होतं. जुनी लाव."

"जुनी नाहीये आता. दुकानात दाखवायला नेली होती ना, तिथेच टाकून दिली. अडकत होती गं ती! मधेच टकटक टकटक. म्हणून तर ही आणली. नव्याने साफ केलेली आहे, रिमास्टर्ड."

"साफ करायला कोणी सांगितलं होतं?"

आता तुम्ही म्हणाल, एका सीडीपायी बाई पोटच्या पोरावर एवढी का ओरडते? तर ऐका.

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करायचे. सारं आयुष्य लिफ्टच्या खाली नाहीतर लिफ्टच्या टपावर गेलं, आत उभं राहून वर जायचा योग फार कमी. आणि वेड कसलं, तर परदेशी बँडचं. कव्हरवर केस वाढवलेले चार जण, चौघेही घरातून उपाशी हाकलल्यासारखे. गिटार सुरू झाली की हे म्हणायचे, "बघ, मोटरने लोड घेतला!" मी लोकांच्या पँटी आखूड करते, कंबरा सैल करते. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं.

लग्न नवं होतं तेव्हाची गोष्ट. मी मशीनवर बसले होते आणि हे पलंगावर लोळत टेपबरोबर गायला लागले, "पाणी दे गं, पाणी दे गं!" मी म्हटलं, नवरा आहे, तहान लागली असेल. उठले, पेला भरून आणला. हे बघतच राहिले. "हे काय?"

"मागितलंत ना?"

"मी कुठे? तो मागतोय!" आणि टेपकडे बोट दाखवून जे हसत सुटले म्हणता!

मी कान लावला. आणि खरंच की हो! ड्रमचा ठोका पडायचा आणि तो केसाळ माणूस अगदी शुद्ध मराठीत पाणी मागायचा. एकदा नाही, दर कडव्यानंतर दोनदा. मूळ शब्द काय आहेत हे यांना ठाऊक नव्हतं, मला तर नव्हतंच, आणि विचारायला कोण जातंय? आमच्या घरात ते गाणं ‘पाण्याचं गाणं’ झालं. पुढे मीही निर्ढावले. ती ओळ आली की म्हणायचे, "हात मोडलेत का? उठून घ्या!" कामावरसुद्धा हे लिफ्टच्या खड्ड्यात उतरून तेच मोठमोठ्याने गायचे, आवाज छान घुमतो म्हणून. एका इमारतीत वरच्या मजल्यावरच्या आजींनी खरंच तांब्या भरून पाणी पाठवलं. वर निरोप, की बाबा, एवढा घसा कोरडा करू नकोस.

पुढे ती कॅसेट टेपने खाल्ली. सीडी निघाल्या तेव्हा यांनी तीच गाणी परत विकत आणली. मी कुरकुरले, एकदा घेतलेली वस्तू पुन्हा कशाला घ्यायची? पण कॅसेटमधून सीडीत येताना पाणी सांडलं नव्हतं, म्हणून गप्प राहिले.

मग मागच्या वर्षी यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजतं सगळं. भाजीत मीठ कमी पडलं तरी भुवई वर जाते. पण तोंडातून ‘अं’शिवाय अक्षर नाही. दिवसातून पन्नास वेळा ‘अगं’ म्हणणारा माणूस, त्याला मला हाक मारता येईना. घर खायला उठायचं. एका दुपारी ते सहन होईना म्हणून मी ती सीडी लावून दिली आणि पँटीची दुमड उसवत बसले. आणि मागून आवाज आला, "पाणी दे गं!"

कात्री कुठे पडली, पँट कुठे पडली, मला आठवत नाही. मी स्वयंपाकघरात पळाले, पाणी आणलं. यांनी अर्ध्या ओठांनी हसून घेतलं. त्या दिवशी मी मोरीत जाऊन पोटभर रडले.

बोलायला शिकवणाऱ्या बाई घरी यायच्या. त्या म्हणाल्या, "होतं असं. बोलण्याचा रस्ता बंद झाला तरी गाण्याचा उघडा राहतो. हे तीन शब्द धरून ठेवा. रोज म्हणू द्या. त्या शब्दांमागून दुसरे येतील कदाचित. पण सवय मोडली तर हेही जातील."

म्हणून रोज दुपारी पाण्याचं गाणं. सीडीवर ओरखडे होते, मधे मधे अडकायची, पण ती ओळ धड होती. आणि माझ्या लेकाने नेमकं तेच साफ करून आणलं!

त्याने सीडीबरोबरचं पुस्तक काढून वाचून दाखवलं. "हे बघ, खरे शब्द छापलेत. ‘हनी, दे आर गॉन.’ म्हणजे, लाडके, ते गेले."

"कोण गेले?"

"ते नाही लिहिलेलं."

"मग बघ! पाण्यात निदान अर्थ तरी आहे."

"आई, आधी ड्रम आणि आवाज एकमेकांवर चढले होते. ठोक्यामुळे ‘हनी’चं ‘पाणी’ ऐकू यायचं. आता दोन्ही वेगळे केलेत. तुम्ही दोघं इतकी वर्षं चुकीचं ऐकत होता, एवढंच."

"चुकीचं तर चुकीचं. त्याच चुकीच्या गाण्यावर तू पाळण्यात झोपायचास."

"मग बाबांना बरोबर शब्द शिकवू या ना."

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. "ज्या माणसाला ‘आई गं’ म्हणता येत नाही, त्याला तू इंग्रजी शिकवणार? जा, आधी जुनी घेऊन ये!"

त्याचा चेहरा पडला. बिचाऱ्याने हौसेनं आणली होती, कळत होतं मला. पण राग काही उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी मी मन घट्ट करून नवी लावली. यांनी ठेका धरला नाही. त्यानंतर तर सुरुवात ऐकूनच मान खिडकीकडे वळवली. मी समोर बसून म्हटलं, "अहो, गाणं राहू द्या. नुसतं म्हणा, पाणी दे गं." यांनी प्रयत्न केला, कपाळावर शीर उभी राहिली. "अं," म्हणाले. खोटं कशाला बोलू, झटका आला त्या दिवशीसुद्धा मी एवढी घाबरले नव्हते. तेव्हा धावपळ तरी होती.

मी चपला घातल्या आणि ते दुकान गाठलं. मालक दाढीवाला, चष्मा कपाळावर. टाकलेली सीडी विचारली तर म्हणाला, "ती कचऱ्याबरोबर केव्हाच गेली, बाई."

"मग दुसरी जुनी द्या. नवीत पाणी नाही."

"काय नाही?"

बाजूला एक गिऱ्हाईक उभं होतं, गळ्यात ते मोठे हेडफोन. तो एकदम पुढे आला. "अगदी बरोबर बोललात, काकू! पाणीच नाही! सगळा आवाज ओढून ताणून मोठा केलाय नुसता. हळू काय, मोठं काय, काही फरकच ठेवला नाही. पुन्हा पैसे घालण्यात काही अर्थ नाही."

"अर्थ नाही कसा?" दाढीवाला उसळला. "आधी मागची गिटार ऐकू तरी येत होती का? बेस होता का?"

"बेस होता! तुमच्या स्पीकरला नव्हता!"

जुंपली की दोघांची. एक म्हणे घ्यावी, एक म्हणे घेऊ नये. दोघांनाही माझ्या पाण्याचं सोयरसुतक नव्हतं. शेवटी मी काउंटरवर हात आपटला. "माझ्याकडे पँट येते तेव्हा मी आधी विचारते, बाबा, कुठे सैल हवी, कुठे घट्ट. या साफ करणाऱ्यांनी कोणाला विचारलं? माझा नवरा त्या ड्रमखाली दबलेल्या माणसाबरोबर बोलत होता. त्याला वेगळा काढलात आणि माझा माणूस मुका केलात!"

मग मी सगळं सांगितलं. दाढीवाल्याने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि दुकानातली खोकी उलटीपालटी केली. हेडफोनवाला गुडघ्यावर बसून त्याला मदत करत होता. जुनी सीडी काही मिळाली नाही.

"आली कुठून तर लगेच कळवतो," दाढीवाला म्हणाला. "तोवर एक करून बघा. स्पीकरवर टॉवेल टाका. आवाज जरा दबेल, जुन्यासारखा होईल."

घरी आले तर मुलगा आलेला. माझ्याकडे न बघता तो यांचे पाय चेपत बसला होता. मी टॉवेल काढला. त्याने निमूटपणे दुसरा आणला. टाकून बघितला: हनी. वर गोधडी टाकली. गोधडीखालूनही हनीच. मुलाने सगळी बटणं पिळून बघितली, तर तो माणूस नाकात बोलायला लागला, पण पाणी मागेना. हे आमच्याकडे असे बघत होते, जणू दोन खुळे घरात शिरलेत.

"नाही जमत गं, आई," मुलगा म्हणाला. "माझ्यामुळे झालं हे."

"रडगाणं पुरे. काढ ती गोधडी. आवाज वाढव."

"अजून?"

"अजून. तो नाही म्हणत ना? मग मी म्हणते."

माझा गळा काय वर्णावा! शाळेत प्रार्थनेला बाई मला नुसते ओठ हलवायला सांगायच्या. अंगाई म्हटली की हा पोरगा जागा व्हायचा. पण मी पदर खोचला, यांच्या खुर्चीसमोर उभी राहिले आणि ठोका पडल्याबरोबर त्या केसाळ माणसाच्या वर आवाज चढवला. "पाणी दे गं! पाणी दे गं!"

यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले नाहीत.

"पुन्हा लाव."

पुन्हा. मी ठोका चुकले, आधीच सुरू झाले, मग पळत पळत गाणं गाठलं. खालच्या मजल्यावरून कोणीतरी छताला ठोकलं. ठोका म्हटलं, ठेका तरी मिळेल. मुलगा तोंडावर हात धरून बसला होता.

"पुन्हा!"

"आई, घसा बसेल तुझा."

"बसू दे. कापडाशी बोलायला घसा लागत नाही. लाव!"

आता मी ओळीची वाटच बघेना. कडव्यातही पाणी, गिटारीतही पाणी. मला सूर नव्हता, ताल नव्हता, लाज तर नव्हतीच. मला माझा माणूस परत हवा होता. छापलेले शब्द गेले खड्ड्यात. यांचा चेहरा आक्रसत चालला होता. कपाळावरची शीर उभी राहिली. डावा हात गुडघ्यावरून उठला आणि माझ्या दिशेने आला. मी वाकले. आता ‘पा’ येणार, आता येणार.

"ग," हे म्हणाले.

मी कान पुढे केला.

"गप!"

चालीत नव्हतं ते. कुठल्याच गाण्यातलं नव्हतं. वैतागलेल्या नवऱ्याचं, सरळ, कोरडं, माझ्यासाठी बोललेलं होतं.

"काय म्हणालात?"

यांनी डोळे वटारले. "गप... गं!"

मुलगा हसत होता की रडत होता, देव जाणे. "आई, बाबा बोलले! अगं, थांब जरा, ऐक तरी!"

ऐकलं की. मला काय कान नाहीत? पण एकदा म्हटल्यावर सोडते होय मी? पुन्हा म्हणायला लावायचं होतं मला, चांगलं खडसावून. गाणं पुढच्या कडव्यावर आलं होतं. त्यातला एक शब्दही मला येत नव्हता. मी कमरेवर हात ठेवले आणि जोरात सुरू केलं.