चोवीस पेडलांची इर्जिक

मी एक जुना गिटार अँप्लिफायर आहे. मित्रांनो, गेल्या भाद्रपदात कोळवण खोऱ्यातल्या सात माणसांनी एका दिवसात आमची चोवीसच्या चोवीस पेडलं दुरुस्त करून टाकली.

थांबा, असं एकदम सांगून चालणार नाही. वरचं वाक्य तुम्ही वाचलेलं नाही आणि मीही लिहिलेलं नाही. अँप्लिफायरला लिहिता येत नाही, हे कुणीही मान्य करील. तेव्हा सुरुवातीपासून सांगतो.

माझा जन्म १९९१ साली भोसरीच्या एका कारखान्यात झाला. मला घडवलं शरदचंद्र टिळेकर यांनी. तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते आणि त्यांना केस होते. त्यांचा एकच नियम होता: तारेतून आलेला आवाज मोठा करायचा, पण तो फाटता कामा नये. या नियमावर त्यांनी बत्तीस वर्षं नोकरी केली. तितकीच वर्षं गिटारवाले त्यांना एकच तक्रार लिहून पाठवत राहिले: "आवाज छान आहे, पण फाटत नाही." सर ती पत्रं एका फायलीत लावून ठेवायचे. त्यांना वाटायचं, हे कौतुक आहे.

माझी उमेदीची वर्षं ऑर्केस्ट्रात गेली. मी हळदी वाजवल्या, शाळांची गॅदरिंगं वाजवली. एकदा एका पुढाऱ्याचा माइक चुकून मला जोडला गेला. त्या भाषणाला टाळ्या पडल्या, त्या माझ्या आहेत असं मी अजूनही मानतो. मग माझ्यापेक्षा हलके, स्वस्त आणि रिमोटवाले भाऊबंद आले आणि मला कारखान्याच्या अडगळीत टाकलं. तिथे मी अकरा वर्षं एका पाती नसलेल्या पंख्याशेजारी काढली. माझ्या पोटात उंदरांच्या तीन पिढ्या सुखाने नांदल्या. त्यांच्यातल्या कुणीही कधी भाडं देण्याची भाषा केली नाही, पण संगत होती.

सर निवृत्त झाले त्या दिवशी त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. "सर, आणखी काही हवं का?" असं कुणीतरी रीत म्हणून विचारलं. सरांनी अडगळीच्या खोलीकडे बोट दाखवलं. आम्ही दोघं रिक्षातून घरी आलो. घड्याळ रिक्षातच राहिलं. ते आता कुणाची तरी वेळ दाखवत असेल.

घरी बसल्यावर सरांनी ती फाइल काढली आणि पहिल्यांदा नीट वाचली. तीन दिवस ते तीच पत्रं पुन्हा पुन्हा वाचत होते. चौथ्या दिवशी म्हणाले, "आयुष्यभर जे होऊ दिलं नाही, तेच लोकांना हवं होतं की!" आणि त्यांनी ठरवलं, आता स्वतःचा उद्योग काढायचा. आवाज मुद्दाम फाडणारं पेडल करायचं.

पेडल म्हणजे एक लहानशी लोखंडी डबी. ती गिटार आणि अँप्लिफायर यांच्या मध्ये जमिनीवर ठेवतात. पायाने दाबली की आवाज बदलतो. सरांनी तिचं नाव ठेवलं 'वादळ'. वादळाच्या जन्मासाठी त्यांनी कोळवणजवळ धोंडाबाईंचा रिकामा गोठा भाड्याने घेतला. गाई गेल्या होत्या, दावणीच्या कड्या शाबूत होत्या. सरांनी त्यांना वायरी बांधल्या. वैरणीच्या जागी मला ठेवलं. प्रत्येक पेडल तपासायचं ते माझ्यातूनच, म्हणजे मी आमच्या कंपनीचा गुणवत्ता विभाग झालो.

धोंडाबाईंनी पहिल्या दिवशी डबी उलटीपालटी करून बघितली.

"वाजवायचं हातानं, आन् दाबायचं पायानं?"

"हो."

"दोनी हात मोकळं असताना?"

"हात गिटारवर असतात, धोंडाबाई."

"मग गिटार पायानं वाजवा की," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवून गेल्या.

सरांची मुलगी अपेक्षा माणला राहते, आयटी पार्कच्या बाजूला, चौदाव्या मजल्यावर. तिला हा गोठा मान्य नव्हता. "बाबा, आमच्याकडे लिफ्ट आहे, खाली डॉक्टर आहे, तुमच्या वयाची माणसं आहेत."

"तीच भीती आहे," सर म्हणाले.

शेवटी तह झाला. पुण्यात वाद्यांचं दुकान चालवणारी जान्हवी नावाची गिटारवादक गुरुवारी पेडलं ऐकायला येणार होती. तिने घेतली तर गोठा चालू. नाही घेतली तर शुक्रवारी कुलूप, आणि सर चौदाव्या मजल्यावर. अपेक्षाने त्यांच्यासाठी कपाटाचे दोन कप्पे रिकामे करून ठेवले होते. मी कप्प्यात मावत नाही, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. पौडच्या रस्त्याला भंगारवाला बसतो, हे सांगायचीही नव्हती.

बुधवारी सर एका प्रतिज्ञापत्रासाठी पौडला गेले. परतीची एसटी स्टँडवर उभी असताना ते कागदाच्या मागे सर्किट काढत बसले आणि एसटी निघून गेली. पुढची संध्याकाळी. आणि इथे गोठ्याच्या दारात धोंडाबाई आणि सोपान बोलत होते. सोपान म्हणजे खोऱ्यातला वायरमन. पंप, मिक्सर, भजनी मंडळाचा स्पीकर, सगळं त्याच्या हातून जातं. हात असा, की जोडलेला सांधा शोधून सापडत नाही.

"सोपान, त्या सरांचं काय बघ की रं. दोन म्हैनं झालं, रोज दुरुस्ती करत्यात, आन् आवाज हाय तसा फाटका."

"मी बी ऐकतोय, मावशे. पर मोठा मानूस. तोंडावर कसं सांगायचं, तुमाला जमंना म्हनून?"

"सांगायचं कशाला? करून टाकायचं. इर्जिक करू."

मित्रांनो, इर्जिक तुम्हाला माहीत नसेल. या खोऱ्यात कुणाची भातलावणी मागे पडली, की शेजारीपाजारी आपापले बैल घेऊन त्याच्या शेतात उतरतात आणि काम उरकून देतात. मजुरी नाही, फक्त जेवण. ज्याचं शेत आहे त्याने तोंड वेंगाडायची वेळ येऊ द्यायची नाही, हा त्यातला मान. पेडलांची इर्जिक मात्र महाराष्ट्रात पहिलीच असावी. दुसरी झाल्याचं मला कळलेलं नाही.

गणपती नुकतेच गेले होते, त्यामुळे भजनी मंडळ रिकामं होतं. सातजण आले. सोपान, धोंडाबाई, स्क्रू काढायला दोघं, स्क्रू लावायला दोघं आणि एकजण नुसता बघायला. तो प्रत्येक इर्जिकीला लागतोच.

सोपानने पहिली डबी उघडली, टेस्टरने दोन बारीक मणी दाखवले आणि मान हलवली. "ह्यो बघा. हे दोन डायोड. आवाज जरा मोठा झाला, की हे त्येचं डोकं छाटत्यात. म्हनून फाटतोय."

निदान शंभर टक्के बरोबर होतं. सरांनी ते डायोड त्याचसाठी बसवले होते. मला ओरडून सांगायचं होतं, पण माझी पिन काढलेली होती. पिन काढलेल्या अँप्लिफायरएवढी गप्प वस्तू जगात दुसरी नसेल.

चोवीस डब्यांतून अठ्ठेचाळीस डायोड निघाले. काम इतकं स्वच्छ, की भोसरीत असं कधी झालं नाही. डायोड मोजून धोंडाबाईंच्या मिश्रीच्या डबीत ठेवले. पिठलं-भाकरी झाली. बघायला आलेल्याने सगळ्यात जास्त खाल्लं. जाताना सोपान म्हणाला, "सरांना कुनी बोलायचं न्हाई. मन दुखंल त्येंचं."

गुरुवारी अकरा वाजता जान्हवी आली. अपेक्षाही अर्धी सुट्टी टाकून आली होती. तिने गाडीची डिकी रिकामी करून आणली होती, हे मला गोठ्यातूनही दिसलं. दारात सोपान आणि धोंडाबाई उभे होते. पोराला बक्षीस मिळताना आईबाप उभे राहतात, तसे.

जान्हवीने गिटार जोडली, एक सूर छेडला आणि वादळावर पाय दिला.

काहीही झालं नाही.

आवाज जरा मोठा झाला, एवढंच. निर्मळ, शांत, काकड आरतीला चालेल असा.

"लागलं नाही का?" जान्हवीने विचारलं.

"लागलंय," सर म्हणाले. त्यांनी दुसरं पेडल दिलं. तिसरं दिलं. सातव्यापर्यंत त्यांचा चेहरा माझ्या मागच्या पत्र्यासारखा झाला होता.

"काका, राग मानू नका," जान्हवी म्हणाली, "पण ही डबी काहीच करत नाही."

दारातून सोपानचा आवाज आला. "आता कसा सोच्छ येतोय, सर!"

सरांनी डबी उघडली. आत दोन रिकामी भोकं. आजूबाजूला एक ओरखडा नाही. एवढा स्वच्छ हात खोऱ्यात एकाचाच होता. सरांनी दाराकडे बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस चौतीस वर्षांत पहिल्यांदा ओरडणार.

"सोपान," ते हळूच म्हणाले, "अठ्ठेचाळीस निघाले असतील."

"मोजून हायेत, सर." धोंडाबाईंनी कमरेची डबी काढून पुढे धरली. डायोडांना मिश्रीचा वास लागला होता.

"मी ते मुद्दाम बसवले होते. आवाज फाटावा म्हणून."

सोपानने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. "म्हंजी तुमी आवाज मुद्दाम फाडता?"

"हो."

"आन् लोकं त्यो घेत्यात?"

"तेच बघायला या बाई पुण्याहून आल्या आहेत."

"मग आधी सांगायचं न्हाई व्हय! आमच्या मंडळाचा स्पीकर चार वर्सं झाली फाटलाय. त्योच दिला असता."

जान्हवीने घड्याळाकडे बघितलं. एकला तिला निघायचं होतं. "एक तरी जोडून दाखवा, काका." सरांनी सोल्डरगन उचलली, पण घाईत डायोड दोनदा जमिनीवर पडला. अपेक्षा पुढे झाली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "राहू द्या, बाबा. चला घरी."

तेव्हा सोपानने त्यांच्या हातातून गन घेतली. मीच काढलं, मीच लावतो, असा त्याचा चेहरा होता.

आता नीट ऐका. हे दोन डायोड एकमेकांच्या उलट तोंडाने बसवायचे असतात, म्हणजे आवाज वरून आणि खालून सारखाच छाटला जातो. सोपानला ते दोघं भांडून पाठ फिरवून बसलेल्या नवरा-बायकोसारखे वाटले. ही नक्की सरांची चूक असणार, असं समजून त्याने दोघांची तोंडं एका दिशेला केली, झाकण लावलं आणि चारही स्क्रू आवळले. सर चष्मा पुसत होते. त्यांनी चष्मा लावला तेव्हा जान्हवीचा पाय खाली आला होता.

मित्रांनो, तो आवाज माझ्यातून गेला. तो एका अंगाने फाटलेला होता आणि दुसऱ्या अंगाने शाबूत. रात्रभर जागरण करून घसा बसलेला माणूस पहाटे मनापासून गातो, तसा. माझ्या आतल्या काचेच्या नळ्या लाल झाल्या. चौतीस वर्षांत मला कुणी असं गायला लावलं नव्हतं.

जान्हवी थांबेना. तिने तोच सूर पाच वेळा लावला. मग म्हणाली, "हे आधी का नाही दाखवलंत?"

सर वाकून पेडलाकडे बघत राहिले. 'हो' म्हणायला त्यांना एक सेकंद पुरला असता. ती डबी त्यांची होती, गोठा त्यांचा होता, कपाटातले दोन कप्पे त्यांचीच वाट बघत होते.

"कारण हे माझं नाही," ते म्हणाले. "मला हे कधी सुचलं नसतं. हे सोपानचं आहे."

"चुकलं का काय?" सोपान घाबरला.

"चुकलंय."

"काढू?"

"हात लावू नकोस!" सर, जान्हवी आणि अपेक्षा एकदम ओरडले. चौतीस वर्षांनी सर ओरडले ते असे.

जान्हवीने चोवीसही मागितली, सगळी अशीच बिघडवून. रविवारी पुन्हा इर्जिक झाली आणि बघायला आलेला या वेळी दोघांना घेऊन आला. अपेक्षाने डिकी उघडी ठेवली होती, तिच्यात धोंडाबाईंनी तांदळाचं पोतं टाकलं आणि डिकी लावून घेतली. आता प्रत्येक पेडलाच्या खालच्या बाजूला दोन नावं असतात, टिळेकर आणि सोपान. कुणाचं वर, यावर दोघांचं रोज भांडण होतं. सर म्हणतात तुझं, तो म्हणतो तुमचं.

सगळं चांगलं झालं. आणि तिथेच माझी पंचाईत झाली. पेडलांचं झालेलं बघून मंडळींचा उत्साह वाढला आहे. परवा सोपान माझ्यापुढे उकिडवा बसला, पत्र्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "सर, ह्यो म्हातारा लई तापतोय. उघडून बघू का?" सर फोनवर होते. त्यांनी मान हलवली. ती फोनला होती, पण सोपानने टेस्टर काढला. सुदैवाने धोंडाबाईंनी जेवायला हाक मारली.

मित्रांनो, वस्तू जपाव्यात, एवढंच सांगून मी थांबणार होतो. पण आमच्यासारख्या जुन्यांना दुर्लक्षापेक्षा प्रेमाचीच जास्त धास्ती असते. म्हणून रीतसर अर्ज करत आहे.

प्रति, मा. गटविकास अधिकारी साहेब, पंचायत समिती मुळशी, मु. पो. पौड.

विषय: चांगल्या मनाने होणाऱ्या दुरुस्त्यांबाबत.

महोदय, अर्जदार कोळवण येथील गोठ्यात वैरणीच्या जागी राहतो. अर्जदार तापतो, हे खरे आहे. तो लहानपणापासून तापतो. तरी विनंती की, तालुक्यातील कोणतीही वस्तू उघडण्यापूर्वी तिला तोंडी विचारण्यात यावे, तिचे उत्तर येईपर्यंत थांबण्यात यावे, आणि उत्तर न आल्यास तो नकार समजण्यात यावा. या कालावधीत अर्जदाराची पिन काढू नये.

कळावे, आपला विश्वासू.