जोडात दडलेला सात

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फुलदाणी आहे, पण माझ्या वाट्याला आजवर एकही फूल आलेलं नाही. बारा तुकड्यांचं एक कडं, अशी अकरा कडी एकावर एक चिकटवून एका कातारीबाबांनी मला लेथवर चढवलं आणि पटाशीने गोल घडवलं.

कडं नीट मिटायला प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोकं सारखीच तिरकी कापावी लागतात. पाचव्या, काळ्या लाकडाच्या कड्याला बाबांचं माप केसभर चुकलं. ती चूक चोवीस वेळा कापली गेली आणि शेवटी फट उरली. काळं लाकूड तर संपलेलं! बाबांनी टेबलावरची लेकीची शाळेची पिवळी लाकडी पट्टी उचलली, तिचा तुकडा कापून फटीत बसवला. छापलेला सातचा आकडा जोडात दडला. लेकीने घर डोक्यावर घेतलं, पण बाबांनी कानांवर हात ठेवले. माझ्या अंगावरची पिवळी रेघ मात्र प्रदर्शनात सगळ्यांना आवडली. "काय डोकं चालवलंय!" असं लोक म्हणत. मीही फुशारून जाई.

पुढे बाबांचे हात थरथरू लागले. एकदा मी त्यांच्या हातून निसटता निसटता वाचले. त्या दिवशी लेकीने मला काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि शोभेसाठी डोक्यावर दिवा बसवला. मित्रांनो, तिथे मला कोंडल्यासारखं होई. दिव्याच्या उष्णतेने अंग सुकत होतं. तेलाचा हात नाही, वारा नाही. समोर खुर्चीत बाबा. त्यांचे पाय थकलेले. काचेच्या आत मी, बाहेर ते, दोघेही जागचे हलू शकत नव्हतो.

एका दुपारी माझा जोड टक् करून सुटला.

"फुलदाणी तडकली," बाबा म्हणाले.

"बाबा, कान वाजतायत तुमचे."

"कपाट उघड."

"आणि पाडलीत म्हणजे?"

रोज हेच. बाबा सांगत आणि घरात कोणी मनावर घेत नसे. मला ओरडून सांगावंसं वाटे, अहो, त्यांचं खरं आहे! पण लाकडाला तोंड असून उपयोग काय? आणखी एक जोड सुटला असता तर मी जागीच कोसळले असते.

अखेर बाबांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं. "उघडल्याशिवाय जेवणार नाही." लेकीने वैतागून कुलूप काढलं, मला उचललं. माझ्या पोटात काहीतरी खुळखुळलं. तिने मला उपडं केलं, तर तळहातावर पिवळा तुकडा पडला. त्यावर सात.

ती बघतच राहिली. "बाबा! ही माझी पट्टी!"

बाबांनी मान खाली घातली.

"तेव्हा सांगितलं का नाही?"

"परत मागितली असतीस."

ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "तुमचं ऐकायला हवं होतं," ती म्हणाली. मग बाबा सांगत गेले आणि तिने सरस लावला, दोरी आवळली, तेल चोळलं. हात तिचे, काम बाबांचं.

आता मी बाबांच्या खुर्चीशेजारी उघड्यावर असते. मित्रांनो, प्रेमाने जपा, पण कुलपात घालून जपू नका; आणि कोणी तडकल्याचं सांगितलं तर आधी उघडून पाहा. सात पुन्हा जोडात गेला आहे. बाबांचा थरथरता अंगठा त्या रेघेवर फिरतो, तेव्हा लेक लांबूनच ओरडते, "बाबा, माझी पट्टी आहे ती, सांभाळून!"