ते पत्र आलं होतं

वाईट बातमीचं पत्र घरात ठेवायचं नाही, वाचलं की फाडायचं, असं आमच्या खर्डा गावात सगळेच मानायचे. मीही फाडलं. वीस वर्षं झाली, पण त्या चिटोऱ्यांनी माझा पिच्छा सोडलेला नाही.

तेव्हा माझे मालक, वैजनाथ, सीमेवर होते. त्यांच्या त्या पत्रात चारच ओळी होत्या, तब्येत बिघडल्याच्या. पुढे सुट्टीवर आले तेव्हा तब्येत ठणठणीत होती. मी देवीला नारळ फोडला आणि विषय संपवला. नोकरी संपवून ते घरी आले आणि काही वर्षांत पायच गेले. पुण्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, मल्टिपल स्क्लेरोसिस. नसांवरचं आवरण झिजतं म्हणे.

अपंगत्वाच्या पेन्शनसाठी अर्ज केला. उत्तर आलं, आजार नोकरीत असतानाच सुरू झाला याचा पुरावा द्या. पलटणीत कमजोर म्हणतील म्हणून यांनी तेव्हा डॉक्टरला दाखवलंच नव्हतं. उरलं ते पत्र.

“चांगुणा, मी तुला पत्र लिव्हलं हुतं न्हवं?”

“न्हाई आलं,” मी म्हणाले. तुमचा पुरावा मी उकिरड्यावर टाकला, हे कोणत्या तोंडानं सांगू?

मग ते रोज विचारायला लागले, सकाळी चहाच्या वेळी. माझं रोज तेच खोटं. हळूहळू त्यांचा आवाज खचत गेला. “या आजारात डोकंबी जातं म्हनं,” म्हणायचे आणि भिंतीकडे बघत राहायचे. वारा सुटला की मला अंगणात कागद फडफडल्याचा आवाज यायचा. जाऊन बघावं तर काही नसायचं. मला भीती वाटायची, खरंच सांगते.

अशी दोन वर्षं गेली. मागच्या महिन्यात आम्ही नगरला सैनिकांच्या कार्यालयात गेलो. साहेबांनी विचारलं, “एखादं जुनं पत्र वगैरे?”

“न्हाई साहेब. लिव्हल्यासारखं वाटतं, पन माझ्या डोक्याचा भरवसा न्हाई. तसंच लिव्हा.”

साहेबांनी पेन उचललं आणि मला राहवेना.

“डाव्या डोळ्यापुढं धूर साचल्यावानी दिसतंय,” मी म्हणाले. “पायाला मुंग्या येत्यात. काटा टोचला तरी कळंना. आईला सांगू नको.” पत्राखालची तारीखसुद्धा सांगितली. “पत्र आलं हुतं साहेब. मी फाडलं.”

साहेबांनी ते लिहून घेतलं. तुमचं म्हणणं अर्जाला जोडतो, म्हणाले, पण कागद असता तर बरं झालं असतं.

यांनी ते ऐकलंच नाही. “म्हंजी माझं डोकं शाबूत हाय,” म्हणाले आणि लहान मुलासारखे रडले. मग माझ्याकडे बघितलं.

“दोन वर्सं, चांगुणा?”

गाडीत चढताना ते नेहमी माझ्या खांद्यावर हात टाकतात. त्या दिवशी त्यांनी कंडक्टरला हाक मारली.

आता चहाच्या वेळी ते काही विचारत नाहीत. मीच कप पुढे करते आणि म्हणते, “आलं हुतं.” ते भिंतीकडे बघत चहा पितात.