चुका एकेचाळीस

१४ मार्च २०११ रोजी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी माझ्या मुलीने बास्केटबॉलचे शंभर फ्री थ्रो पुरे केले. मोजणी माझ्याकडे होती.

"किती गेले, बाबा?"

"एकोणतीस चुकले."

कारखान्याच्या तपासणी विभागात तीस वर्षे मी फक्त सदोष नग मोजत आलो होतो. चांगला नग कोणी मोजत नाही, तो पुढे जातो.

"तुमच्यापुढे देवसुद्धा नापास व्हायचा," ती हसत म्हणाली आणि तिने पिशवीतून वही काढून माझ्या हातात दिली. तिची पहिलीच कथा होती ती. रोज सराव झाला की बाकावर बसून चार ओळी, अशी चार महिने खपून लिहिलेली.

मी ती लाल पेन्सिल घेऊन वाचली आणि शेवटी लिहिले, 'चुका ४१'.

"पण आवडली का, ते सांगा ना."

"आधी एवढ्या दुरुस्त कर, मग बघू."

वास्तविक त्यातली हरलेली कर्णधार मला इतकी आवडली होती की ते पान मी तीनदा वाचले. तेवढे सांगायचे राहून गेले. तिने वही मिटली.

लिहिणे मात्र तिने सोडले नाही. त्या वहीनंतर लिहिलेल्या तिच्या तेवीस कथा आजवर छापून आल्या. त्यांपैकी छापण्याआधी मला वाचायला दिलेल्या कथा शून्य.